मदत हवी आहे: बॉल मिलमध्ये दळलेला खाणीचा गाळ, विरघळलेलं लोखंड नक्की कुठलं?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीची, एमएस्सीचं दुसरं वर्ष. प्रोजेक्टला आमच्याच भागातल्या एका टेलिंग पाँडचा (खनिज धुऊन उरलेलं साठवतात ते तळं) गाळ घेतलाय, मुख्यतः गोएथाइट (लोखंडाचं खनिज) आणि केओलिनाइट (ऍल्युमिनियम असलेली चिकणमाती), थोडं क्वार्ट्झ (गारगोटी). खाणी 2012 ला थांबल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्या, पण गाळ आहे तिथेच आहे आणि जोराचा पाऊस लागला की तो आमच्या शेतात उतरतो, म्हणून विषय हट्टाने हाच घेतला. डोक्यात असं होतं की नुसतं बारीक न करता बॉल मिलमध्ये (गोळे भरलेल्या फिरत्या जारमध्ये) इतका वेळ आपटायचं की क्रिस्टलची घडीच विस्कटेल, मग भट्टी न लावता ऑक्झॅलिक ऍसिडमध्ये लोखंड सुटेल.

प्लॅनेटरी मिल आहे (यात जार स्वतःभोवतीही फिरतो), जार आणि बॉल्स दोन्ही स्टीलचे, बॉल्सचं वजन गाळाच्या दहापट, 15 मिनिटं चालवून 15 मिनिटं थांबते नाहीतर जार तापतो. 2 तासांत एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी क्रिस्टल ओळखायची चाचणी) केओलिनाइटचा 12.4 डिग्रीचा पीक जवळजवळ गेलाच, म्हणजे त्याची घडी मोडली. गोएथाइटचं मात्र धड कळत नाही, यंत्राच्या तांब्याच्या क्ष-किरण ट्यूबवर लोखंडामुळे बॅकग्राउंड फार वर येतो. 4 तासांच्या सॅम्पलमध्ये विरघळलेलं लोखंड न दळलेल्याच्या जवळपास तिप्पट! त्या रात्री झोप नाही आली आनंदाने.

मग 8 तास चालवलं तर आकडा खाली आला, आणि फिल्टर पेपरवर हळदीसारखी पिवळी पूड राहिली. दळलेला गाळही आधी पिवळट तपकिरी होता तो आता काळपट दिसतो, कागदाखालून लोहचुंबक फिरवला की केसांसारखा उभा राहतो. सर म्हणतात जास्त दळून गुठळ्या झाल्या असतील, पण गुठळ्यांनी पिवळी पूड कशी येईल? ती तिप्पट वाढ गाळाची की बॉल्सची, हे कसं ओळखू? लोखंड नसलेला झिर्कोनियाचा (कडक सिरॅमिक) जार इथे नाही आणि सबमिशनला महिनाच उरलाय.

प्रतिसाद (कुळागर):
पिवळी पूड बहुतेक फेरस ऑक्झॅलेट (लोखंड आणि ऑक्झॅलिक ऍसिडचा क्षार) आहे, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. बॉल्समधून झिजलेलं धातूचं लोखंड फेरिकला (गोएथाइटमधलं लोखंडाचं जास्त ऑक्सिडाइज्ड रूप) फेरस (कमी ऑक्सिडाइज्ड) करतं आणि फेरस झालं की ऑक्झॅलेटमध्ये गोएथाइट आणखी पटापट विरघळतं, म्हणजे तुझे दोन्ही आकडे बिघडलेत, 4 तासांचा आणि 8 तासांचाही. उजेडानेही असंच होतं, फ्लास्क खिडकीत ठेवला होतास का? बॉल्स दर वेळी आधी नि नंतर धुऊन, सुकवून वजन कर. शुद्ध क्वार्ट्झ त्याच जारमध्ये तेवढाच वेळ दळ आणि त्यातलं लोखंड मोज, क्वार्ट्झ कडक असल्यामुळे बॉल्स जास्त झिजवेल तेव्हा तो आकडा वरची मर्यादा समज. आणि ऍल्युमिनियम मोज गं, ते स्टीलमधून येत नाही, केओलिनाइटची गोष्ट तेच खरी सांगेल. बीईटीने (वायू शोषवून पृष्ठभाग मोजायची पद्धत) पृष्ठभाग काढून विरघळल्याच्या आकड्याला त्याने भाग, तरीही वाढ दिसली तर घडी खरंच विस्कटलीय.

डिचोलीची:
दादा, फ्लास्क खिडकीतच होता, दुपारभर!! ऍल्युमिनियम सुचलंच नव्हतं, जुनी द्रावणं फ्रीजमध्ये आहेत, उद्याच एएएसला (द्रावणातला धातू मोजणारं यंत्र) लावते. क्वार्ट्झ सोमवारी दळते, फ्लास्कला फॉइल गुंडाळते आणि आकडे इथेच टाकते. देव बरें करूं.