नक्कल, प्रत, कॉपी, झेरॉक्स... एकच की वेगवेगळं?

रंकाळाकाठ:
काल एका ऑफिसात सातबाऱ्याची नक्कल मागितली होती म्हणून सकाळी सकाळी घरातल्या फाईलमधला सातबारा काढून झेरॉक्स मारली आणि गेलो, रांगेत तासभर उभारलो, आणि खिडकीतल्या बाईंनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला आणि तसाच परत सरकवला. 'ही झेरॉक्स हाय, नक्कल आणा.' म्हटलं मॅडम हीच की नक्कल, तर पुढचा नंबर पुकारला सरळ. घरी येऊन सांगितलं तर पोरगी हसून लोळायला लागली, पप्पा नक्कल म्हणजे आम्ही गॅदरिंगला सरांचा आवाज काढतो ती. आता मला सांगा नक्कल, प्रत, कॉपी, झेरॉक्स हे सगळं एकच की वेगवेगळं? की मलाच खुळ्यात काढलंय?

जुना_दप्तरी:
बाईंचं बरोबर आहे हो. नक्कल हा शब्द अरबी, फारसीतून दप्तरात आला आणि दप्तरात त्याला एकच अर्थ, ज्याच्याकडं मूळ कागद आहे त्यानंच सही-शिक्क्यानं दिलेली प्रत. जुन्या नकलेच्या खाली बघा, 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन सह्या असतात. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं, काना-मात्रेसकट. हे आम्ही दुपारी जेवण झाल्यावर करायचो आणि डुलकी लागली की गट नंबर हुकायचा! तुमच्या झेरॉक्सची रुजवात कुणी घेतली? मशीननं? आणि अति प्रामाणिक कारकुनाची गोष्ट ठाऊक असेलच, मूळ कागदावर मेलेली माशी चिकटलेली म्हणून यानं दुसरी मारून नकलेवर त्याच जागी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका ते हेच. असो, आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाईन मिळतो, तो काढा, चालतोय.

नादखुळा_पेठकर:
दादा तुम्ही नाम बघत बसलाय, क्रियापद बघा की. नक्कल 'काढली' तर तहसील, नक्कल 'केली' तर गॅदरिंग. कॉपी 'काढली' तर दुकानात, कॉपी 'केली' तर परीक्षेत, आणि परीक्षेत कॉपी म्हणजे ती बारक्या अक्षरातली चिठ्ठीपण. आमच्या वेळी भिंतीवरनं कॉप्या पुरवणारी पोरं पेपर देणाऱ्यांपेक्षा जास्त असायची, आता कॉपीमुक्त अभियान आल्यापासनं त्यांचा धंदा बसला. झेरॉक्स तर 'मारतात', बिचारीनं काय केलंय कुणास ठाऊक. ते कंपनीचं नाव हाय मर्दा, ग्रीकमध्ये झेरॉस म्हणजे कोरडं, शाई न ओतता कोरडी छपाई म्हणून ते नाव. हे तंत्र शोधणाऱ्या कार्लसननं पहिली तसली प्रत १९३८ ला काढली आणि आपण अजून कुठल्याबी कंपनीच्या मशीनवर काढलेल्याला झेरॉक्सच म्हणतोय.
आणि एक राहिलं, री 'ओढतात'. भजनात बुवांच्या मागं सूर धरायचा ती री. आता मीटिंगमध्ये साहेबांच्या मागं ओढतात, टाळ नसतात एवढाच फरक.

बीडकाम:
उद्यमनगरातल्या फौंड्रीतनं बोलतोय, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातनं. आमच्यात कॉपी म्हटलं की पहिला प्रश्न, पॅटर्न (वाळूत ठसा घ्यायला मुद्दाम केलेला नमुना) हाय का नुसतं सँपल हाय? कारण गिऱ्हाईक तुटका पार्ट घेऊन येतं आणि म्हणतं ह्याच्यासारखा हुबेहूब ओतून द्या. आता त्याच पार्टचा वाळूत ठसा घेऊन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं तर नवा पार्ट बारीक येतो, कारण बीड गार होताना साधारण १ टक्का आक्रसतं, शिवाय मशिनिंगला वरनं मटेरियल ठेवावं लागतं ते वेगळंच. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करायचा. मागं एकानं ऐकलंच नाही, ३०० मिमीची पुली तशीच ओतून घेतली, ती ३ मिमी कमी आली आणि वर मलाच म्हणतोय साच्यात घोटाळा केलास. हुबेहूब पाहिजे तर मूळ हुबेहूब ठेवून चालत न्हाई भावा.

रंकाळाकाठ:
बीडकाम, हे भारी. मग डुप्लिकेट कुठं बसवायचं? पोरीची डुप्लिकेट मार्कशीट बोर्डाकडनंच आलेली, ती खरी. डुप्लिकेट चावी खरी पण न्हाई खोटी पण न्हाई, कुलूप उघडलं की झालं. आणि डुप्लिकेट चप्पल म्हटलं की पावसात सोल निघालाच समजा.

खोडवा_निडवा:
मार्कशीटला दुबार म्हणायचं, सुटला प्रश्न. पण आमच्याकडं दुबार म्हटलं की पोटात गोळा येतो, दुबार पेरणी म्हणजे पहिलं बी वाया गेलं, पाऊस दडी मारून बसलाय आणि परत बियाण्याला पैसे. ह्याच्या उलट खोडवा, लावणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्यातनं परत फुटतो तो, बियाणं फुकट, मशागत कमी. तिसऱ्यांदा घेतला तर निडवा. दोन्हीकडं 'परत तेच' पण एकात शेतकरी रडतो आणि एकात निवांत असतो. पोरगी एकच गाणं शंभरदा लावती तेव्हा घरात मी म्हणतो हा निडवापण संपला, आता जमीन मोकळी कर.

नादखुळा_पेठकर:
चप्पल निघालीच हाय तर, २०१९ ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. तरी २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं तसलीच आणली आणि आधी नुसतं लेदर सँडल म्हटलं, बोंबाबोंब झाल्यावर मग 'प्रेरणा'. घ्या, तुमच्या यादीत अजून एक शब्द. शाळेत मी शेजारच्याच्या पेपरवरनं गणित उतरवलं तेव्हा मास्तरांना प्रेरणा म्हटलं असतं तर दोन जास्तीच्या बसल्या असत्या.

रंकाळाकाठ:
अपडेट. १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढला, घेऊन गेलो, बाईंनी बघितला, मान हलवली. म्हणाल्या बरोबर आहे, आता ह्याच्या दोन झेरॉक्स मारून आणा.