पटावर नाव, पण मूल उसाच्या फडात
शिक्षणहक्क कायद्यातील, खासगी शाळांत गरीब मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागा नीट भरल्या तर गरिबीचे चक्र तुटेल, असे एक मत मांडले जाते; शहरापुरते ते मान्य आहे. बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबांना मात्र ते लागू पडत नाही. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाते ते मार्च-एप्रिललाच परतते आणि गावच्या शाळेच्या पटावर नाव असलेली थोरली मुलगी तिकडे कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) धाकट्याला सांभाळत बसते. अशा मुलांना आजी-आजोबांजवळ गावातच ठेवून जेवू घालणारी हंगामी वसतिगृहे सरकारी योजनेत आहेत, पण ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्याआधी ती सुरू झाली (घोडे इथेच पेंड खाते) तरच उपयोग, कारण एकदा ट्रॅक्टरवर बसलेले मूल हंगाम संपेपर्यंत वर्गात दिसत नाही.