पेसाहचं गोड: 'शिरा', 'चीक' आणि 'आंबवलेलं'

मूळ प्रश्न (ठाणे)

शेजारच्या काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. घरात बोलणं कोकणी वळणाचं मराठी. मागच्या वर्षी त्यांनी पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "शिरा करायचाय अजून, हात मोडून येतात." म्हटलं, तेवढा आपणच करून न्यावा. साजूक तुपात रवा भाजला, दूध, वेलची, बेदाणे, सगळं मनापासून घातलं. काकूंनी दारातच झाकण उघडलं, जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाय, रवा गव्हाचा ना गं? आजपासून आठ दिवस हा आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही." डबा परत घरी ठेवून आले. मनाला फार लागलं. इतकी वर्षं त्यांच्याकडचं खाते आणि एवढं माहीत नसावं?

मग पानात त्यांचा शिरा आला. काळसर, दाट, चमच्यावरून ओघळणारा. खजुराचा.

यंदा त्यांच्यासाठी काहीतरी गोड चुकल्याशिवाय करायचं आहे, चिकाचा हलवा करावा असं मनात आहे. त्यासाठी आधी शब्द नीट कळायला हवेत. खजुराच्या पाकाला शिरा का म्हणतात? आणि त्यांना जे चालत नाही त्या 'हामेत्स'ला मराठीत 'आंबवलेलं' म्हटलं तर बरोबर होईल का?

उत्तर (अलिबाग)

ताई, डबा परत न्यावा लागला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरात नवी सूनही पहिल्या वर्षी असं काहीतरी करतेच.

शिरा शब्दाचं उत्तर सोपं आहे. फारसीत शीरा म्हणजे रस, पाक. हिंदीत जिलबी सोडतात त्या पाकाला अजून शीराच म्हणतात. बाकीच्या मराठीत शिरा म्हटलं की रवा डोळ्यांपुढे येतो, आमच्याकडे खजुराच्या रसाला तो शब्द राहिला. म्हणजे जो शब्द ऐकून तुम्ही रवा भाजलात, तोच आमच्याकडे ज्या आठ दिवसांत रव्याला मनाई, त्या दिवसांचा पदार्थ आहे.

खरं तर तो जेवणानंतरचं गोड म्हणून नसतो. सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, तबकात तो 'हारोसेत' या गोड पदार्थाच्या जागी असतो. मिसरमध्ये गुलामीत आमच्या पूर्वजांनी विटा थापल्या, त्या मातीची, चुन्याच्या गाऱ्याची आठवण म्हणून. हिब्रूत 'हेरेस' म्हणजे भाजलेली माती, खापर; हारोसेत हे नाव त्यावरूनच आलं म्हणतात. उरलेला शिरा मात्र आम्ही आठही दिवस तांदळाच्या भाकरीला लावून खातो, आणि पोरांना तेच गोड.

आता 'आंबवलेलं'. जुन्या मंडळींमध्ये पेसाहचं नाव होतं 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे तोंडीलावण्यासाठी आंबट पाणी साठवायचं मडकं. ते त्या दिवसांत झाकून ठेवायचं. 'ढाकणे' म्हणजे झाकणे. हिब्रू विसरली होती, पोथ्या नव्हत्या, पण 'आंबट बंद' एवढं कोकणातल्या आमच्या बायकांनी मडक्यावर झाकण ठेवून सांभाळलं. हे नाव मला फार प्रिय आहे. पेसाहचं पुस्तकी नाव 'वल्हांडण' ओलांडण्याबद्दल बोलतं, आमचं नाव स्वयंपाकघरातून आलं आहे.

उत्तर (पुणे)

भाषेच्या बाजूने थोडी भर. हामेत्स ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून हिब्रूत आंबट या अर्थाचा 'हामुत्स' आणि व्हिनेगर या अर्थाचा 'होमेत्स' हे शब्द होतात. मराठीतही आंबट, आंबणे, आंबवणे, आंबोळी एकाच कुळातले. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नसताना आंबटपणावरूनच फुगण्याला नाव मिळालं. मराठी बायबलात 'खमीर' आणि 'बेखमीर भाकर' असे शब्द आहेत. खमीर अरबीतून आलेला, आणि त्याच धातूपासून अरबीत 'खम्र' म्हणजे दारू. इथे अडचण होते, कारण सेदरला द्राक्षाच्या दारूचे चार प्याले लागतातच. द्राक्षाची दारू हामेत्स नाही. दही नाही. म्हणून 'आंबवलेलं' हा शब्द मुळाला धरून असला तरी नियमाला पुरत नाही.

नियम पाच धान्यांपुरता आहे: गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा जुना गहू. यांच्या पिठाला पाणी लागून १८ मिनिटांत ते भाजलं गेलं नाही, तर ते हामेत्स. मात्सा, म्हणजे पेसाहची बेखमीर भाकर, त्याच १८ मिनिटांच्या आत होतो. 'फुगलेलं' हा शब्दही चालणार नाही, कारण अंडी फेटून, बदामाची पूड आणि बटाट्याचा स्टार्च घालून केलेला केक चांगला टम्म फुगतो आणि पेसाहला चालतो.

माझं मत, 'हामेत्स' हाच शब्द ठेवावा. मराठीत आपण 'उपासाला चालतं का?' असं विचारतो आणि समोरच्याला यादी पाठ असते. वरी चालते, गहू चालत नाही, याचा अर्थ शब्दात नसतो, वापरात असतो. तसंच 'पेसाहला चालतं का?' म्हणावं. मात्र पेसाह हा उपास नव्हे, तो सणाचा थाट आहे, हे विसरू नये.

उत्तर (अश्दोद, इस्रायल)

एकाच शब्दापाशी अडखळलेय, 'चीक'. ठाण्याच्या ताई, काकूंना खूश करायला चिकाचा हलवा मुळीच करू नका! आमचा चिकाचा हलवा प्रसिद्ध आहे, पण तो नव्याच्या सणाचा, म्हणजे रोश हशानाचा. त्यातला चीक गव्हाचा. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळून चीक काढायचा, नारळाच्या दुधात घोटायचा. पेसाहच्या दृष्टीने याच्यापेक्षा पक्कं हामेत्स शोधून सापडणार नाही. आणि चीक म्हणजे गाईम्हशीचा समजून खरवस न्याल तर आणखी घोळ. सेदरचं जेवण बहुतेक मटणाचं असतं आणि मांसानंतर आमच्यात दूध चालत नाही. तुमच्या रव्यातलं तूप-दूधही त्या रात्री अडलंच असतं.

म्हणून त्या रात्रीचं गोड नारळाच्या दुधावर उभं असतं. तांदूळ आम्हाला चालतो, तेव्हा नारळाच्या दुधातली तांदळाची खीर करता येते. पण इथे इस्रायलमध्ये शेजारी अश्केनाझी (मूळचे युरोपातले ज्यू) असेल तर त्यांच्याकडे तांदूळ, डाळी, मका, सगळं 'कितनियोत' म्हणून वर्ज्य. त्याला 'कडधान्य' म्हणू नका, तांदूळ आणि मका कडधान्यात बसत नाहीत. बाजारच्या पिठीसाखरेत मक्याचं पीठ असलं तर ते तीही घेत नाहीत. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी २०१५ साली कितनियोत खायला मोकळीक दिली, तरी जुन्या घरांतल्या सवयी तशाच आहेत. बदाम, खोबरं, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर एवढ्यावर केलेले मॅकरून दोन्ही घरांत चालतात.

इथे दुकानात 'सिलान' नावाने खजुराचा पाक बाटलीत मिळतो. चव चांगली आहे. माझी आई मात्र त्याला शिरा म्हणत नाही, 'बाटलीतला' म्हणते.

पुन्हा पुणे

'सोवळ्यातली भांडी' असा शब्द पेसाहच्या भांड्यांसाठी लिहिलेला मी पाहिलाय. कृपया वापरू नये. सोवळ्यात माणसाच्या स्पर्शाचा विटाळ आहे, इथे प्रश्न भांड्यात आधी काय शिजलं याचा आहे. 'पेसाहची भांडी' पुरेसं आहे. आणि बेने इस्रायलींचं मराठी काल-परवाचं नाही. मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली हगादा, म्हणजे सेदरला वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका मात्सा करताना दिसतात. शब्द त्यांच्याकडेच विचारावेत.

पुन्हा अलिबाग

भांड्यांचं बरोबर. माझी आजी पेसाहच्या आधी तांब्यापितळेच्या सगळ्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची. आम्हा मुलांना सण जवळ आल्याचं त्या नवसागराच्या वासानं कळायचं.

मूळ प्रश्नकर्ती (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वतःच्या घरून करून नेण्याचा विचार सोडला. माझ्या भांड्यांत वर्षभर पोळ्यांची कणीक मळलेली. त्याऐवजी काकूंना म्हटलं, तुमच्याच स्वयंपाकघरात तुमच्याच पातेल्यात मी शिरा करते, तुम्ही नुसत्या बसून सांगा.

अर्धा किलो खजूर बिया काढून रात्रभर भिजवला. सकाळी त्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून हाताने कुस्करला. मग नव्या मलमलच्या फडक्यात घालून पिळायचं, आणि इथेच काकूंचं 'हात मोडून येतात' मला कळलं. फडकं पिळता पिळता बोटं चिकट, मनगट दुखतं, आणि आत चोथा राहतो त्यातही रस असतोच, म्हणून पाणी शिंपडून पुन्हा पिळायचं. अर्ध्या तासाने पातेल्यात चहाच्या रंगाचं पाणी दिसलं, मला वाटलं फसलं. काकू म्हणाल्या, आता नुसतं ढवळ.

मंद आचेवर तासाभराने त्याचे बुडबुडे मोठे आणि सावकाश फुटायला लागले, वास गुळासारखा झाला. एक शब्द तेव्हा नवा मिळाला. पाकाला आपण एकतारी, दोनतारी म्हणतो, काकू म्हणतात 'शिरा चमच्याला धरला'. मी चमचा वर उचलून धरला. काकू खुर्चीवरून उठल्या, चष्मा पुसून धार पाहिली आणि म्हणाल्या, "अजून नाही धरला. पाच मिनिटं."