मदत हवी आहे: तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन वाचनगट रुळावर कसा आणावा?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आम्ही सात जणांनी दर रविवारी रात्री ९ वाजता ऑनलाइन वाचनगट सुरू केलाय. प्रत्यक्ष भेटणं जमत नाही. दोघांची सातपूरला शिफ्ट असते, एक जण सिन्नरहून येतो.

पहिलं पुस्तक प्लेटोचं 'अपॉलॉजी', म्हणजे सॉक्रेटिसचं कोर्टातलं बचावाचं भाषण. प्रत्येकाकडे वेगळा अनुवाद, त्यामुळे पहिला अर्धा तास "कुठलं पान?" यातच गेला. मग समासातले १७ ते ४२ हे आकडे सापडले. ते प्लेटोच्या ग्रंथांच्या १५७८ च्या आवृत्तीतल्या पानांचे आहेत आणि बहुतेक अनुवादांत सारखेच असतात. तो घोळ मिटला.

खरं दुखणं पुढेच आहे. दहा पानं घरून वाचून यायचं ठरलं, पण वाचतात दोघंच. तेच बोलतात, बाकीचे माइक बंद करून "हो, बरोबर" एवढंच टाइप करतात. आळीपाळीने सारांश मांडायला सांगून पाहिलं, तर ज्याची पाळी तोच गैरहजर! (एकदा मीही.)

आता फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं 'मेडिटेशन्स' घेतोय, १६४१ चं. सहाच प्रकरणं, म्हणून आटोक्यातलं वाटतं. घरचा अभ्यास बंद करून तिथेच मोठ्याने वाचायचा विचार आहे. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तासच मिळतो, पैसे भरायचे नाहीत. तिघांना इंग्रजी जड जातं, म्हणून चर्चा मराठीतच.

असा गट ज्यांनी चालवलाय त्यांनी सांगा: तासाभरात साधारण किती परिच्छेद झेपतात? आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं, की सलग वाचून शेवटी बोलायचं?