मदत हवी आहे: लाकडी बैल कोरतोय, पाय टिकतच नाहीत

भरउन्हाळा
लवकर सांगा, पोळा दहा दिवसांवर आलाय. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, पोरीसाठी घरीच बैल करायचं मनावर घेतलंय. मोठा चाकांचा नाही, तळहातावर मावेल एवढा. व्हिडिओतला माणूस दहा मिनिटांत घुबड काढतो. माझे तीन बैल झाले. पहिल्याचे पुढचे पाय गेले, दुसऱ्याचं शिंग, तिसऱ्याचं दोन्ही. धड मात्र झकास जमतं. चुकतंय कुठे? 'विकत आणा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

चहाबाज
विकत आणा. 😀

मधलीसुटी
लाकूड कोणतं? चाकू कोणता? फोटो टाका.

भरउन्हाळा
लाकूड म्हणजे लाकूड, शेजारी फर्निचरचं काम चालू होतं तिथला तुकडा. चाकू घरचाच.

वखारीतला
म्हणजे सागवान आणि भाजीची सुरी. दोन्ही चुकीचं. सुरीचं पातं लांब आणि पातळ, जोर दिला की वाकतं. छोट्या, जाड पात्याची घ्या, मूठ हातात भरेल अशी. वाळलेलं सागवान धार खातं. शिवणीचं लाकूड मिळालं तर बघा, तुमच्याकडच्या वखारीत मिळायला हरकत नाही. कोरायला मऊ आणि फारसं वाकडं होत नाही.

तळकोकणी
शिवण कशाला? पांगारा घ्यावा. सावंतवाडीची खेळणी पूर्वापार पांगाऱ्याचीच. हलका, मऊ. चितारआळीत जाऊन विचारा, कोणीही सांगेल.

भरउन्हाळा
चितारओळी आमच्या नागपुरात, महाल भागातच आहे, पण तिथे मातीच्या मूर्ती असतात हो. गणपतीच्या तयारीत त्यांना बोलायला वेळ नाही.

तळकोकणी
सावंतवाडीची म्हणतोय मी!

वखारीतला
नागपुरात पांगारा शोधत फिरले तर पुढच्या पोळ्यापर्यंत बैल होणार नाही.

जर्सीकर
इथे सगळे बासवुड नावाच्या मऊ लाकडाने सुरुवात करतात. नस, म्हणजे लाकडातल्या रेषा, अगदी बारीक, पेन्सिल तासल्यासारखं निघतं. ऑनलाइन मागवा.

मधलीसुटी
दहा दिवसांत, न्यू जर्सीहून?

ओसरी
आधी साबणावर हात बसवा. अंघोळीची वडी घ्या, चुकलं तर कपडे धुवा. मी दोन महिने साबणच कोरला.

वखारीतला
साबणाला नस नसते. त्यात शिकलेला माणूस लाकडावर पहिल्याच दिवशी पाय तोडतो. घोळ तोच आहे इथे. तुकड्यावर रेषा आडव्या आहेत की उभ्या?

भरउन्हाळा
आडव्या. डोक्यापासून शेपटीकडे. म्हणून तर धड छान निघतं ना?

वखारीतला
म्हणूनच पाय जातात. आडव्या रेषेत उभा पाय कोरला की तो बिस्किटासारखा मोडतो. तुकडा उभा धरा, रेषा पाठीकडून खुराकडे जाऊ द्या. पाय आणि वर उठलेली शिंगं एकाच दिशेला येतात. धड जाड असतं, ते आडवं कापलं तरी तग धरतं. पाय बारीक करू नका, चारही पायांमधली जागा शेवटी पोखरा. शेपूट सुटी नको, मांडीला चिकटलेलीच ठेवा. शिंगं बारीक हवीत तर बांबूची काडी छिद्रात बसवा.

वाळवीग्रस्त
आमच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली आहे. सागवानच आहे. उपाय?

मधलीसुटी
@भरउन्हाळा, भेगासुद्धा पडत होत्या का? लाकूड काही केलं होतं?

भरउन्हाळा
हो, सांगायचं राहिलं. कडक होतं म्हणून रात्रभर बादलीत भिजवलं, मग लवकर वाळावं म्हणून गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलं. भेग पडली, पण बारीक.

वखारीतला
हे आत्ता सांगताय?

जर्सीकर
भिजवायचं नसतं. अर्धं पाणी, अर्धं स्पिरिट, वरून नुसती फवारणी, पृष्ठभाग मऊ होतो. आणि धार. भुगा पडत असेल तर धार गेली. साल निघाली पाहिजे, अंगठ्याच्या नखासारखी गोल. पाऊण तासाने जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलटं ओढा, धार पुढे जायची नाही, मागे सरकायची.

ओसरी
पट्ट्याला आमचे न्हावी काय म्हणायचे ते आठवेना. वस्तरा त्यावर फटफट वाजायचा, आजोबा डोळे मिटून बसायचे…

मधलीसुटी
डावा अंगठा पात्यासमोर ठेवता का? एकदा मला तीन टाके पडलेत. अंगठ्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, निदान जाड हातमोजा. आणि मांडीवर धरून कोरू नका.

तळकोकणी
रंग द्यायचा असेल तर लेकराच्या तोंडात जाईल असा देऊ नका. लाखेचा मिळाला तर उत्तम.

भरउन्हाळा
रंगाचं अजून विचारलंही नव्हतं. 🙂 वखारीतून शिवणीचा तुकडा आणला, रेषा उभी धरली. चारही पाय शाबूत! बैल जरा डुकरासारखा दिसतो, पण उभा राहतो. शिंगं बांबूचीच, पोरगी म्हणते एक मोठं, एक छोटं. तासू का?

वखारीतला
तासू नका. दुसरी काडी कापा. आणि झुलीसाठी खांद्यावर जागा सोडलीत का?

भरउन्हाळा
नाही ना…

वाळवीग्रस्त
वाळवीचं कोणीच बोललं नाही.