मदत हवी आहे: ॲक्रिलिक लोकरीचे स्वेटर पहिल्याच धुण्यात आटले

गाव दारव्हा तालुक्यातलं, बचत गटाचं विणकाम. लुधियानाची पांढरी कच्ची लडी घेतली, तिचाच स्वेटर विणला. लांबी 60 सेंमी होती, कढत पाण्यात धुतल्यावर 50 वर आली आणि वीण जाडजूड, दाट झाली. लेबलवर '100 टक्के ॲक्रिलिक, हाय बल्क' लिहिलं आहे. सूत खराब आहे का? आठ स्वेटर विणून पडले आहेत, 6 किलो लड्या बाकी आहेत.

सूतधारा:
ताई, सूत खराब नाही, अजून आटायचं राहिलंय. हाय बल्कमध्ये साधारण 40 टक्के तंतू जास्त आटणारे असतात. ते कारखान्यात गरम करून ताणतात आणि ताणातच थंड करतात, म्हणून तो ताण आत अडकून राहतो. बाकी 60 टक्के तंतू वाफेवर आधीच सैल केलेले असतात. उकळतं पाणी किंवा वाफ लागली की पहिले तंतू आखडून धाग्याच्या गाभ्यात जातात, दुसरे बाहेर कमानी करतात. लोकर फुगते ती त्यामुळेच. धागा सुमारे 20 टक्के आखूड होतो, म्हणजे 32 नंबरचं सूत आटल्यावर 26च्या आसपास येतं (नंबर कमी म्हणजे धागा जाड).

उरलेल्या लड्या विणण्याआधीच आटवा. लडी तीन-चार जागी सैल आठाकडीने (दोरी इंग्रजी 8 सारखी फिरवून) बांधा. घट्ट बांधली तर बांधल्या जागी सूत फुगत नाही आणि रंगात डाग राहतो. मोठ्या गंजात 60 अंशांच्या पाण्यात सोडा, अर्ध्या तासात उकळीपर्यंत न्या, 15 मिनिटं ठेवा. लडी काठीवर टाकणार असाल तर खाली दुसरी काठी घालून ताणू नका: 1.5 मीटरचा घेर 1.2 मीटर होणार आहे, त्याला जागा लागते. पाणी गंजातच 60पर्यंत निवू द्या. गरम लडी थंड पाण्यात टाकली की चुण्या कायमच्या बसतात. पिळू नका, सावलीत लोंबकळत वाळवा. गोळा नंतर, हलक्या हाताने.

आपल्याकडच्या मे महिन्यातल्या 45 अंशांच्या उन्हात वाळत घालून हे आटणं होत नाही, वाफ किंवा उकळतं पाणीच लागतं.

प्रश्नकर्ती:
आटलेला स्वेटर ओढून, इस्त्री करून परत लांब करता येईल का? आणि विणून पडलेल्या आठांचं काय करू?

सूतधारा:
ओढू नका. गरम ओढलं तर तात्पुरता लांब होतो, पुढच्या कढत धुण्यात परत येतो, शिवाय इस्त्रीने फुगवटा चेपतो. आठही स्वेटर सैल ठेवून उकळत्या पाण्यात आटवा आणि लहान मापाचे म्हणून विका. गिऱ्हाईकाच्या घरी आटले तर तक्रार येईल.

वऱ्हाडी माग:
भर घालतो. कच्च्याच, म्हणजे न आटवलेल्या सुताने विणायचं असेल तर 20 नव्हे, 25 टक्के मोठं माप लागतं (80 भागिले 0.8 म्हणजे 100). पण विणीत टाके एकमेकांना अडवतात, कापड धाग्याइतकं आटतच नाही. म्हणून आधी 20 बाय 20 सेंमीचा तुकडा विणून उकळा, मोजा, त्यावरून टाके ठरवा. रंगवायचं असेल तर बेसिक रंग (ॲक्रिलिकला धरणारे, कॅटायनिकही म्हणतात) घ्या, 80 अंशांपुढे मिनिटाला 1 अंशापेक्षा जलद तापवू नका, नाहीतर पट्टे पडतात.