मालकाचा हिस्सा नेमका कोण भरतं?

हिशेबनीस: सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीने, म्हणजे पेन्शन वगैरेसाठी पगारावर भराव्या लागणाऱ्या पैशाने, खाजगी धंद्याचा मजुरीखर्च वाढतो, यात वाद कसला? पगार १००, मालकाची वर्गणी २०, म्हणजे माणूस पडला १२० ला. त्याच्या हिश्शाचे १० कापले की हातात ९०. मधले ३० जितके वाढतील तितकी कायम भरती कमी आणि कंत्राटी जास्त.

तिरकस: असहमत. मालक माणूस घेताना १२० चाच विचार करतो, पगार त्यातून मागे मोजत येतो. चिलीत १९८१ मध्ये पेन्शन खाजगी खात्यांत गेली आणि मालकांवरचा बोजा एकदम उतरला. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी तिथल्या कारखान्यांचे आकडे तपासले, तर रोजगार जवळपास जागेवर आणि पगार वर. म्हणजे आधी भरत होता कामगार, पावती फक्त मालकाच्या नावाची.

हिशेबनीस: पण दर वाढला म्हणून ठरलेला पगार लगेच खाली आणता येतो का? पुढच्या पगारवाढींतून वळता होईपर्यंत वाढीव बोजा नफ्यातूनच जातो, आणि लहान धंद्यात नफा असतो केवढा! किमान वेतनावरच्या माणसाचं तर विचारूच नका, तिथे कापायला जागाच नाही. फ्रान्सने १९९३ पासून कमी पगारांवर मालकांना सूट दिली ती याचसाठी.

तिरकस: आणि पगार वाढला की ती सूट आटते, हे राहिलं सांगायचं. मग मालक वाढ द्यायला का कू करणारच.

मधला बाक: दोघांनीही स्वीडन सोडलं. तिथे २००७ मध्ये तरुणांसाठी मालकांची वर्गणी ३२ टक्क्यांवरून २१ वर आली, २००९ मध्ये साडेपंधरावर. तिरकसरावांच्या हिशेबाने तरुणांचे पगार इतरांपेक्षा वाढायला हवे होते. तसं झालं नाही, तरुणांचा रोजगार मात्र वाढला. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांना केवळ वयावरून वेगळा पगार कोण देईल? ज्या कंपन्यांत तरुण जास्त होते त्या वाढल्या, आणि तिथे जास्त वयाच्यांचेही पगार वाढले.

तिरकस: स्वीडनचं मान्य, पण ती सूट एकाच वयोगटाला होती. सगळ्यांना सारखा दर असेल, आणि भरलेल्या वर्गणीचं पेन्शन आपल्यालाच मिळणार हे कामगाराला दिसत असेल, तर तो थोडा कमी पगारही चालवून घेतो. पैसे कुठे जातात तेच कळत नसेल तर तो निव्वळ कर. तेव्हा हिशेबनीस, तुमच्या त्या २० च्या बदल्यात कामगाराला काय मिळतं तेही लिहा की.